खाली मान घालून ज्ञानगंगेच्या खोऱ्यात

बुलढाणा घाटावर, खामगाव घाटाखाली. या दोन गावांच्या मधे बोथ्याचा घाट लागतो आणि एसटीच्या खिडकीतून दोन्ही बाजूंना जे रान दिसतं ते ज्ञानगंगा अभयारण्य. १९९७ साली जाहीर झालेलं, साधारण २०५ चौरस किलोमीटरचं. ज्ञानगंगा नदी अजिंठ्याच्या या डोंगररांगेत निघते, उत्तरेला पायनघाटात, म्हणजे घाटाखालच्या सपाटीत उतरते आणि पूर्णेला मिळते. पूर्णा तापीला, म्हणजे पाणी अरबी समुद्रात. याच जिल्ह्याच्या डोंगरात पैनगंगाही उगम पावते, पण तिचं पाणी वर्धा, प्राणहिता, गोदावरी असं करत थेट बंगालच्या उपसागराला जातं. घाटावरच्या माणसांना यात काही विशेष वाटत नाही. मला वाटतं.

अकोल्याहून बुलढाण्याला जाताना हे रान मी वर्षानुवर्षं बसमधूनच पाहिलं होतं. पायी हिंडायचं तर परवानगी लागते, आणि ती सहज मिळत नाही. अस्वलांचं रान आहे, मिळूही नये. मला संधी मिळाली ती गणनेमुळे. दर चार वर्षांनी देशभर व्याघ्रगणना होते, २००६ पासून एकाच पद्धतीने. तिचा पहिला टप्पा कॅमेऱ्याचा नसतो, पायांचा असतो. प्रत्येक बीटात, म्हणजे एका वनरक्षकाकडे असलेल्या रानाच्या तुकड्यात, वन कर्मचारी ठरलेल्या वाटा चालतात आणि दिसेल ते नोंदवतात. त्यांच्या जोडीला काही स्वयंसेवक घेतात. हिवाळ्याच्या तोंडाशी मला एक बीट मिळालं, एक वनरक्षक ताई मिळाल्या आणि एक वनमजूर मामा. मामांचं वय त्यांनाच नक्की माहीत नव्हतं.

पहिला दिवस

सकाळी सहाला संरक्षण कुटीवर. थंडी बऱ्यापैकी. ताईंनी मोबाईलवर एम-स्ट्राइप्स सुरू केलं. चालायला लागलं की हे ॲप आपली वाट आपोआप आखत जातं, आणि खूण दिसली की तिथेच थांबून फोटो आणि नोंद करायची. पहिले तीन दिवस मांसभक्षी प्राण्यांच्या खुणा शोधायच्या. रोज किमान पाच किलोमीटर, आणि वाट अशी निवडायची जिथे खुणा मिळण्याची शक्यता जास्त: नाल्याची रेती, बैलगाडीची जुनी चाकोरी, जाळरेषा (वणवा अडवायला साफ केलेला पट्टा), पाणवठ्याकडे जाणारी पायवाट.

निघण्याआधी ताईंनी नियम सांगितले. एकटं मागे राहायचं नाही, फोटोसाठी झुडपात शिरायचं नाही, मोबाईलवर बोलत चालायचं नाही. मग आवाज न बदलता म्हणाल्या, "ताडोबात आमचीच एक जण गेली ना, हेच काम करताना." नोव्हेंबर २०२१ ची ती घटना. खुणांच्या पाहणीसाठी चालत असलेल्या महिला वनरक्षकावर वाघिणीने हल्ला केला होता. ताईंनी तो विषय तिथेच सोडला आणि बुटांच्या नाड्या पुन्हा आवळल्या.

पहिल्या अर्ध्या तासात मला फक्त कुसळ सापडलं. पावसाळ्यात गुडघ्यापर्यंत वाढलेलं गवत आता वाळून पिवळं पडलेलं, आणि त्याचं एकेक कुसळ मोज्यातून आत शिरून पोटरीला टोचत होतं. मामांनी पायात मोजे घातलेच नव्हते. "मोजा घातला का कुसय धरते बाई, उघड्या पायाले नाई धरत." हे खरं आहे की नाही ते तपासण्याइतकी हिंमत माझ्यात नव्हती.

पहिली खूण मामांना दिसली. पायवाटेच्या कडेला खडूसारखी पांढरी, वाळलेली विष्ठा. तडस. तो हाडं चावून खातो, त्यातल्या चुन्याने विष्ठा वाळली की पांढरी पडते. ताईंनी शेजारी पट्टी ठेवली, फोटो घेतला, नोंद केली. मग नाल्याच्या रेतीत बिबट्याचा पाय. माझं लक्ष बोटांकडे होतं, मामांनी काठीच्या टोकाने तळव्याची मागची कड दाखवली. तिथे तीन उंचवटे उमटले होते. मांजरकुळाची ही ओळख. शिवाय नखं नाहीत, कारण बिबट, वाघ, रानमांजर नखं आत ओढून चालतात. कुत्रा, कोल्हा, लांडगा, तडस यांची नखं जमिनीवर उमटतात. वाघाचा पंजा हाच, पण किती मोठा? मामांनी हाताचा पंजा पूर्ण उघडून ठशावर धरला. "वाघ असा. हा तं त्याच्यापुढं पोरगं."

आणि मग अस्वल. हे मला शिकवावं लागलं नाही. मऊ मातीत मागचा पाय असा उमटला होता की पहिल्या क्षणी वाटलं, कुणी अनवाणी माणूस गेला आहे. टाच, चवडा, पाच बोटं. फक्त बोटांच्या पुढे नखांच्या खाचा. थोडं पुढे वारुळाला खणलेलं भगदाड आणि वाटेवर बोरांच्या बियांनी भरलेली काळपट विष्ठा. मी बियांकडे पाहत बसले तेव्हा मामा मोठ्याने खोकले. पुढच्या वळणावर परत. मला वाटलं सर्दी आहे. तिसऱ्या वळणावर लक्षात आलं, वळण आलं की मामा खोकतात. अस्वलाला नजर कमी, कानही फारसे तिखट नाहीत, आणि खायला लागलं की त्याला जगाचं भान नसतं. अंगावर गेल्यावरच त्याला कळतं, आणि मग ते घाबरून चेहऱ्यावर येतं. म्हणून आधी कळवायचं. या भागातल्या रानाला लागून असलेल्या गावांत अस्वलाला घाबरतात तितकं बिबट्याला घाबरत नाहीत.

दुसरा दिवस

आज वाट चढाची. नाला सोडून पठाराच्या कडेला गेलो. खाली साग, वर गेल्यावर सालई आणि धावडा. सालईची खोडं गुळगुळीत, कागदासारखी पापुद्रे सोडणारी. पानं गळायला लागल्यामुळे उतारभर नुसती फिकट खोडं उभी. धावड्याच्या सालीवर जुन्या खाचा होत्या, डिंकासाठी कुणीतरी पाडलेल्या. हिवाळ्यात घरोघरी डिंकाचे लाडू होतात, त्यातला चांगला डिंक धावड्याचा. ताईंनी खाचांचा फोटो घेतला. मी म्हटलं, "हेही लिहायचं?" "हे नंतर लिहायचं, पण बघून ठेवायचं."

आणि वर काहीही मिळालं नाही. कातळ तापलेला, माती नाही, ठसा उमटायला जागा नाही. तीन किलोमीटर झाले, साडेतीन झाले. नीलकंठ एका वाळक्या फांदीवरून उडाला, टकाचोर ओरडत होते, दरीपलीकडे मोर. मांसभक्षी निरंक. माझी चाल आपोआप वाढली. ताईंनी थांबवलं. "मॅडम, काही नाही म्हणून पळायचं नाही. इथं शून्य आहे हे बी शोधावंच लागतं." तेव्हा मला या कामाची गंमत कळायला लागली. पर्यटक जंगलातून परत येताना काय दिसलं ते सांगतो. यांना जे दिसलं नाही ते सुद्धा चालून, मोजून, सही करून द्यावं लागतं, आणि ते तितक्याच हळू चालून. घाईघाईने चालून मिळालेलं शून्य खोटं असतं. मोठ्या हिशेबात, जिथे खूण मिळाली नाही अशी वाट आणि जिथे कुणी गेलंच नाही अशी वाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

संध्याकाळी कुटीवर मामांनी चूल पेटवली. कळण्याची भाकरी, हिरव्या मिरच्यांची भाजी. ही भाजी म्हणजे तोंडी लावणं समजून घाटावरच्या पाहुण्यांनी खाऊ नये. त्यात मिरची हीच भाजी असते. मी पाणी पीत बसले आणि विषय अर्थातच वॉकर वाघावर आला.

ज्ञानगंगेत येऊन त्याचं नाव निघालं नाही असं होत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरच्या टी-१ वाघिणीचा बछडा, म्हणून टी१सी१. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याला रेडिओ कॉलर लावली. जूनमध्ये त्याने टिपेश्वर सोडलं आणि चालायला लागला. तेलंगणात जाऊन परतला, शेतांमधून, नाल्यांच्या काठाने, हायवे ओलांडत, आणि डिसेंबर २०१९ मध्ये इथे, ज्ञानगंगेत येऊन थांबला. कॉलर तासातासाला त्याची जागा कळवत होती. पाच हजारांहून जास्त नोंदी जमल्या. नऊ महिन्यांत तीन हजार किलोमीटरच्या वर. एप्रिल २०२० मध्ये कॉलर काढली. त्याला इथे खायला रोही (नीलगाय) होता, डुक्कर होतं. नव्हती ती वाघीण. त्याच्यासाठी मादी आणावी का, यावर वन खात्यात बरीच चर्चा झाली.

मी हिशेब केला, दिवसाला सरासरी अकरा किलोमीटर. आम्ही पाचवर दमलो होतो.

"तुम्ही पाहिला का मामा त्याला?"

"नाई. त्याचा पाय पाह्यला." चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "मायंदाळे लोक म्हनत, मी पाह्यला, मी पाह्यला. पायनारा कोनी सांगत नाई इतक्या जोरात."

तिसरा दिवस

रानाची कड. एका बाजूला साग, दुसऱ्या बाजूला तूर. मधे कुठे काटेरी फांद्यांचं कुंपण, कुठे जुन्या साड्या बांधलेल्या. तूर खांद्याइतकी उंच, फुलावर आलेली, खालच्या शेंगा भरायला लागलेल्या. पलीकडे कापूस, आणि वेचणीला आलेल्या बाया कंबरेला ओटे बांधून.

खुणा आज भरपूर, पण आम्हाला हव्या त्या थोड्या. एक रानमांजर, कोल्हे, आणि गावच्या कुत्र्यांचे पाय सगळीकडे. कुत्र्यांचीही नोंद करायची असते. ज्या रानात कुत्री मोकळी फिरतात तिथे भेडकीची (भेकराची) पिल्लं टिकत नाहीत, हे मामांचं मत. मला ते पटतं.

शेतात चार खांबांवर मचाण होतं आणि खाली राख. जागलीचं. एक शेतकरी तिथेच बसले होते, रात्रभर जागून आता घरी निघायच्या तयारीत. त्यांनी विचारलं, काय मोजता? वाघ, म्हटल्यावर हसले. "रोही मोजा ना. माह्या वावरात या राती, मी मोजून देतो."  कळपाने येतात, शेंडे खातात, आणि खातात त्याहून जास्त तुडवतात. डुक्कर वेगळं, ते मुळासकट उखडतं. भरपाई मिळते, पण अर्ज, पंचनामा, फोटो, पुन्हा फेऱ्या. "एका रातीचं नुकसान अन् त्याच्यामांग चार दिवसाची मजुरी." ताई ऐकत होत्या. त्यांनी वाद घातला नाही, उत्तरही दिलं नाही. अर्ज कुठल्या दिवशी आणायचा तेवढं सांगितलं. वनरक्षकाच्या नोकरीत प्राणी किती टक्के आणि माणसं किती टक्के, हे कुणीतरी एकदा मोजायला हवं.

मला गंमत वाटली ती वेगळीच. या शेतकऱ्याला वाघ हवा होता. "आला होता तवा रोह्यायनं इकडं याचं कमी केलं होतं," ते म्हणाले. खरंच केलं होतं का, की आता आठवणीत तसं झालं आहे, कोण जाणे. पण वाघाच्या नावाने शिव्या ऐकायची तयारी करून गेलेल्या मला हे नवीन होतं. निघताना त्यांनी तुरीच्या ओल्या शेंगा ओंजळभर दिल्या. कुटीवर मीठ घालून उकडल्या. त्या दिवसाची सगळ्यात चांगली नोंद तीच, पण ॲपमध्ये तिला रकाना नव्हता.

चौथा दिवस आणि त्यापुढचे

आता पद्धत बदलली. खुणा संपल्या, ट्रान्झेक्ट सुरू. बीटातून आखलेली दोन किलोमीटरची सरळ रेषा. झाडांवर रंगाचे पट्टे मारलेले. उजाडता उजाडता चालायला लागायचं आणि समोर दिसणारे तृणभक्षी मोजायचे. कोणता प्राणी, किती, आपल्यापासून किती अंतरावर, होकायंत्रावर कोणत्या दिशेला. त्यावरून पुढे तज्ज्ञ घनता काढतात. हीच रेषा तीन सकाळी चालायची.

सरळ रेषा जंगलात किती त्रासदायक असते हे पायवाटेने चालणाऱ्याला कळत नाही. पायवाट नाला टाळते, घाणेरीचं रान टाळते, खडी चढण टाळते. रेषा काहीच टाळत नाही. पण खरी अडचण दुसरी. ट्रान्झेक्टवर आवाज चालत नाही. प्राणी आपल्याला पाहून पळण्याआधी आपण त्याला पाहिलं पाहिजे. म्हणजे खोकायचं नाही.

मामांनी हा नियम पाळला, पण तो त्यांना आवडला नव्हता. काठी खांद्यावरून उतरून हातात आली. पहिल्या सकाळी चितळांचा एक छोटा कळप, दोन रोही, एक भेडकी, जी मी फक्त ऐकली आणि म्हणून लिहिली नाही. वानरांचं टोळकं. दुसऱ्या सकाळी रेषेवर निम्मं अंतर झालं होतं. उजवीकडे उतारावर वाळका पाला वाजत होता, एकसारखा, कुणीतरी पोतं ओढत असल्यासारखा. ताईंनी हात वर केला. थांबलो. आवाज थांबला नाही. मग झुडपांच्या वर एक काळी, विस्कटलेली पाठ दिसली, पुन्हा खाली गेली, आणि फू-फू असा श्वास ऐकू आला. वाळवी ओढून खाताना अस्वल असा आवाज करतं हे मी वाचलं होतं. वाचलेलं आणि ऐकलेलं यात पस्तीस मीटरचं अंतर होतं; रेंजफाइंडर ताईंच्या हातात होता आणि त्यांनी सवयीने बटण दाबलं होतं.

मामांनी कुणाला विचारलं नाही. ते खोकले. रोजच्यापेक्षा मोठ्याने, आणि काठी खडकावर दोनदा आपटली. पाठ वर आली, तोंड आमच्याकडे वळलं, छातीवरचा पांढरट अर्धगोल दिसला न दिसला, आणि अस्वल उताराने खाली निघून गेलं. जाताना पाल्याचा केवढा गोंधळ! इतकं मोठं जनावर इतक्या आवाजात पळतं आणि तरी त्याला आपली चाहूल लागत नाही.

"ट्रान्झेक्टमध्ये आवाज झाला," ताई म्हणाल्या. रागाने नाही, नोंद केल्यासारखं.

"कागद नंतर भरता येते," मामा म्हणाले.

उरलेली रेषा आम्ही पूर्ण केली. पुढे एकही प्राणी दिसला नाही, आणि दिसणार नव्हताच.

परतताना त्याच रेषेवर दर चारशे मीटरवर थांबायचं. पंधरा मीटर त्रिज्येत झाडं कोणती, किती. त्याहून लहान वर्तुळात झुडपं. अजून लहानात गवत. मग दोन बाय वीस मीटरच्या पट्ट्यात खाली बसून लेंड्या मोजायच्या. लेंड्या मोजणं हे काम ऐकायला जितकं हास्यास्पद, करायला तितकंच गुंतवणारं. चितळाच्या एका बाजूला टोक असलेल्या, रोह्याच्या मोठ्या आणि एकाच जागी ढिगाने, कारण रोही पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी येतो. चौसिंगाही ढीग करतो, पण दाणे लहान. ताई बोटांनी नाही, काडीने वेगळ्या करत सांगत होत्या, आणि मी तासभर मान वर केली नाही.

माणसाच्या खुणाही याच वर्तुळात लिहायच्या: तोडलेलं झाड, छाटलेली फांदी, कापलेलं गवत, गुरांची वाट. बोथ्याच्या रस्त्याच्या बाजूच्या वर्तुळात प्लास्टिकच्या बाटल्याही आल्या. रस्ता रात्री वाहतुकीला बंद असतो तेवढंच बरं. दिवसा मात्र वानरांना बिस्किटं टाकणाऱ्या गाड्या थांबतातच, आणि मग वानरं रस्त्यावर बसायला शिकतात. तिथून तोडीच्या रकान्याकडे वळलो तेव्हा ताईंनी स्वतःच्या बीटातली ताजी तोड स्वतःच्या हाताने भरली. ती लपवणं सोपं होतं. त्यांचं बीट, त्यांचीच जबाबदारी, आणि वर साहेबांना उत्तर द्यायचं तेही त्यांनीच.

शेवटची दुपार

सकाळी तिसऱ्यांदा रेषा चालून झाली, खोकल्याशिवाय. दुपारी पलढगच्या तलावावर गेलो. काम नव्हतं, ताईंना तिथला पाणवठा पाहायचा होता. काठावर हळदी-कुंकू बदकं, दूर पाण्यात चक्रवाकाची जोडी, आणि चिखलात पायांचा असा गुंता की मामांनाही उलगडायला वेळ लागला. रोही, डुक्कर, सायाळ, एक बिबट आणि त्यावरून गेलेली गुरं. मी वही काढली. मामा म्हणाले, "ठेवा आता. हे मोजायचं नाई, नुसतं पाह्यचं." तलाव आमच्या वाटेवर येत नव्हता.

कुटीवर परतल्यावर ताईंनी ॲपमधल्या नोंदी आणि कागदी तक्ते ताडून पाहिले. बिबट आहे, अस्वल भरपूर, तडस आहे. वाघ: निरंक. त्या शब्दापुढे त्यांनी तारीख घातली, मला स्वयंसेवकाच्या जागी सही करायला सांगितली आणि तक्ता प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवला.

मामांनी पुढचं आमंत्रण दिलं. बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावर मचाणावर बसून रात्रभर प्राणी मोजतात, त्याला या. नाव आधी नोंदवावं लागतं, आणि वैशाखात रात्रीही मचाण तापलेलं असतं. सूचना दोनच: पाण्याच्या दोन बाटल्या कमी पडतात, आणि वर चढल्यावर सकाळपर्यंत खाली उतरू देत नाहीत, तेव्हा जे काय उरकायचं ते आधी. मग त्यांनी माझ्या मोज्यांकडे पाहिलं. त्यांतली कुसळं काढायला मला खामगाव ओलांडून शेगावचं स्टेशन येईपर्यंत वेळ लागला, आणि तिथली कचोरी हातात आल्यावर मी ते काम अर्धवट सोडून दिलं.